गृहपाठ कोण तपासतं? (ऑनलाइन शिकण्याचे माझे तीन प्रयोग)

बोरूबहाद्दर | रविवार, रात्री ९:५२

गेल्या आठवड्यात मोडीच्या ऑनलाइन वर्गात माझं एकच अक्षर तिसऱ्यांदा परत आलं. वहीचा फोटो पाठवला की सर त्यावर लाल गोल काढून पाठवतात. मी पुन्हा गिरवायचं, पुन्हा गोल. सुटं पाहिलं तर अक्षर अगदी पुस्तकातल्यासारखं, पण ओळीत बसवलं की शेजाऱ्यांशी भांडण असल्यासारखं दिसायचं. शेवटी सर म्हणाले, "फोटो नको, हात दाखवा." मग मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवला, वीस सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि पाठवला. पाच मिनिटांत उत्तर: "ताई, तुम्ही मोडी लिहीत नाही, मोडीचं चित्र काढताय. मधेच पेन उचलताय."

खरंच होतं ते. आधी रेघ ओढायची आणि मग शक्यतो हात न उचलता अक्षरं तिला लटकवत न्यायची, यातच तर त्या लिपीची गंमत. मी देवनागरीच्या सवयीने एकेक अक्षर सुटं काढत होते. वहीच्या फोटोत हे कुणाला दिसणार?

त्यानंतर सहज हिशोब मांडला (धंदाच तो आहे माझा), की गेल्या पाच वर्षांत ऑनलाइन जे जे शिकले त्यातलं अंगात मुरलं किती आणि वाहून गेलं किती. वय ४७, नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्स सांभाळते. घरी सासूबाई, नवरा, बारावीतला मुलगा. त्यामुळे माझी शाळा रात्री साडेनऊला, ओटा आवरल्यावर भरते.

पहिला प्रयोग रेकॉर्डेड. स्वयम या सरकारी शिक्षण पोर्टलवरचा एनपीटीईएलचा (म्हणजे आयआयटीवाल्यांचा) बारा आठवड्यांचा पायथनचा, म्हणजे प्रोग्रॅमिंगचा कोर्स. शिकणं फुकट, परीक्षा द्यायची असेल तर १००० रुपये. पहिल्या वर्षी म्हटलं, परीक्षा कशाला, ज्ञान महत्त्वाचं. ज्ञान तिसऱ्या आठवड्यात थांबलं. दुसऱ्या वर्षी तोच कोर्स, हजार रुपये भरून. असाइनमेंट बुधवारी रात्री ११:५९ ला बंद व्हायची. एका बुधवारी ११:४० ला मी दहापैकी आठव्या प्रश्नाशी झटतेय आणि पाठीमागे दूध उतू जातंय, हा प्रसंग आमच्याकडे पाहुण्यांना अजून सांगितला जातो. ६८ गुण मिळाले. बारापैकी चांगल्या आठच असाइनमेंट धरतात म्हणून वाचले, माझ्या दोन गणपतीत बुडाल्या होत्या.

दुसरा प्रयोग लाइव्ह. कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही. फी ४२ हजार, हप्त्यांनी. बॅचमध्ये दोनशेच्या आसपास लोक. सगळ्यांचे माइक बंद, कॅमेरे बंद. शिकवणारे दर पाच मिनिटांनी "क्लिअर आहे का?" विचारणार आणि चॅटमध्ये 'यस सर'चा पाऊस पडणार. त्या पावसात मीही असायचे. एकदा तर कणीक मळता मळता करंगळीने यस सर टाइप केलंय. शंका असेल तर 'डाउट सपोर्ट'ला लिहायचं. माझ्या शंकेला उत्तर काय आलं असेल? ज्या लेक्चरमध्ये ती शंका आली त्याच लेक्चरच्या रेकॉर्डिंगची लिंक! म्हणजे आठ वाजता हजर राहायची सक्ती लाइव्हची, आणि शिकवणं मात्र टीव्हीसारखं, त्यातही थांबवायची सोय नाही.

तिसरा हा मोडीचा. आम्ही अकरा जण. सर साताऱ्याकडचे, निवृत्त शिक्षक. रविवारी तासभर सगळे एकत्र, बाकी आठवडाभर व्हॉट्सॲपवर रोज चार ओळी लिहून पाठवायच्या. सगळ्या कोर्सची फी १५०० रुपये. ॲप नाही, डॅशबोर्ड नाही, बॅज नाही. आणि तिन्हींत टिकलं ते हेच.

म्हणून मला वाटतं, लाइव्ह चांगलं की रेकॉर्डेड हा वाद नंतरचा. माझ्या कामाची पलीकडे कुणी वाट बघतंय का, आणि बघितल्यावर 'चूक' एवढंच न म्हणता कुठे चुकतंय ते सांगतंय का? तुमचे अनुभव लिहा. पटत नसेल तर आधी लिहा.

चहाबाज | रविवार, रात्री १०:०४

रुमाल टाकून ठेवतो, वाचून येतो. एकच शंका. दूध उतू गेलं इथपर्यंत समजलं, ओटा कोणी पुसला?

बोरूबहाद्दर | रविवार, रात्री १०:०७

मुलाने. त्याच्या बदल्यात दोन दिवस मोबाइल जास्त वेळ मिळाला.

मास्तर_मुकाट | रविवार, रात्री ११:३१

इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. आमच्या कॉलेजच्या एनपीटीईएल लोकल चॅप्टरचं काम माझ्या गळ्यात आहे, त्यामुळे बुधवारचे ११:५९ माझ्याही ओळखीचे. बुधवारी रात्री पोरांचे फोन येतात, "सर, सबमिट होत नाहीये."

आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीने मिळून हे २००३ मध्ये सुरू केलं. तेव्हा नुसती व्याख्यानं होती, बघायची तर बघा. परीक्षा आणि प्रमाणपत्र २०१४ पासून. २०१७ मध्ये स्वयम आलं आणि नंतर युजीसीने एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक) असे ऑनलाइन घ्यायला मुभा दिली. तिथून गर्दी बदलली. पूर्वी हौशी लोक यायचे, आता क्रेडिटवाले.

गुणांची विभागणी अशी: असाइनमेंटचे २५, परीक्षेचे ७५. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, तिथे माणूस डोक्यावर उभा असतो. आणि ७५ पैकी ३० पडलेच पाहिजेत. माझ्याकडे दर सत्रात एखादा तरी असा नमुना येतो, असाइनमेंट २४ आणि परीक्षा २६. बेरीज ५०, प्रमाणपत्र शून्य. उत्तरं टेलिग्रामवर फिरतात हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे पोरांनाही माहीत आहे.

बोरूबहाद्दर, तुमच्या हजार रुपयांवरून आठवलं. एमआयटी आणि हार्वर्डच्या एडएक्स या ऑनलाइन मंचावरच्या कोर्सेसचा सहा वर्षांचा डेटा २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये आला होता. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक कोर्सच्या आत पाऊलच टाकत नाहीत. २०१७-१८ मध्ये कोर्स पुरा करणारे सगळे मिळून तीन टक्क्यांच्या आसपास, पण प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत ४६ टक्के. आता पैसे भरले म्हणून पुरा करतात, की पुरा करणारी माणसंच पैसे भरतात, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही. तुम्ही मात्र एकाच बाईवर दोन्ही करून पाहिलंत! नमुना एकचा, पण स्वच्छ.

तुमच्या निष्कर्षाशी मात्र भांडण आहे. तुमच्या सरांकडे अकरा जण आहेत. माझ्या वर्गात ७२. एनपीटीईएलच्या एका गाजलेल्या कोर्सला हजारो. तिथे हात कोण बघणार? प्रत्येकाच्या वहीवर लाल गोल हवा म्हटलं तर शिक्षण अकरा-अकरा जणांनाच मिळेल आणि उरलेल्यांना काहीच नाही. यंत्र 'चूक' एवढंच सांगतं, कबूल. पण गडचिरोलीतल्या पोराला आयआयटीतल्या प्राध्यापकाचं थर्मोडायनामिक्स फुकटात ऐकायला मिळतं, ते याच बिनचेहऱ्याच्या पद्धतीमुळे.

दीडपट | सोमवार, सकाळी ८:१५

मास्तरांना +१. आणि मी रेकॉर्डेड पार्टीचा कट्टर कार्यकर्ता.

माझी कोणी वाट बघू नये, हाच तर ऑनलाइनचा फायदा. ऑफिसात दिवसभर लोक वाट बघतच असतात. लाइव्हमध्ये वर्गातल्या सगळ्यात सावकाश माणसाच्या चालीने चालावं लागतं. रेकॉर्डेडमध्ये माझा वेग माझा. मी सगळं दीडपटीने बघतो, काही महाभागांना दुप्पट. यावर कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रयोग केलाय: दुप्पट वेगापर्यंत समजण्यात फारसा फरक पडत नाही, त्यापुढे मात्र घसरण.

बोरूबहाद्दर | सोमवार, दुपारी १:२०

दीडपट, एक आगाऊ प्रश्न. एकूण कोर्स किती घेतलेत आणि पुरे किती केलेत?

दीडपट | सोमवार, दुपारी १:४४

हा खालच्या पट्टीतला वार आहे.

२३ घेतलेत. सेल लागला की ४४९ रुपयांत एक, कोण सोडणार? पुरे केले दोन. पण ऐका, त्या दोनांवर मी नोकरी बदलली. दोन्ही वेळेला दीडपट वेग होता पण हात चालू होता. तो ओळ लिहिणार, मी थांबवणार, स्वतः लिहिणार, एरर येणार, शिव्या देणार, पुढे. दोन तासांच्या व्हिडिओला सहा तास लागायचे. उरलेले २१ मी जेवताना बघितले. एवढाच फरक.

तानपुऱ्याची_तार | सोमवार, रात्री १०:१०

मी गाणं शिकवते, पुण्यात. २०२० पर्यंत ऑनलाइन गाणं म्हणजे मला थट्टाच वाटायची. मग लॉकडाउन आला आणि थट्टा पोटापाण्याची झाली. आज माझे निम्मे विद्यार्थी पडद्यावर आहेत, त्यात दोघी न्यू जर्सीच्या आणि एक दुबईचा.

पहिला धक्का तानपुऱ्याचा. मी इकडे तानपुरा लावून बसायचे आणि तिकडून मुलगी म्हणायची, "ताई, सुरू करताय ना?" तिला काही ऐकूच जात नव्हतं. आठवडाभराने उलगडलं. ही ॲप्स मागचा सततचा आवाज म्हणजे पंखा-मिक्सर समजून गाळून टाकतात. आमचा षड्ज बिचारा पंख्यात जमा! झूममध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' असं एक सेटिंग आहे, ते चालू करावं लागतं, दोन्हीकडे. गाणं-वाजवणं शिकणाऱ्या कुणाला ठाऊक नसेल तर आजच बघा.

दुसरा धक्का मोठा. आमच्यात शिकणं म्हणजे गुरूच्या मागे, गुरूबरोबर गाणं. ते ऑनलाइन होतच नाही. दोन माणसांना एकत्र गायचं-वाजवायचं तर आवाज पोचायला वीस-तीस मिलिसेकंदांहून जास्त लागून चालत नाही आणि इथे शंभर-दीडशे सहज जातात. द्रुत तीनतालात मी समेवर पोचले की विद्यार्थिनी जेमतेम सोळाव्या मात्रेवर. तबलजींनी तर पहिल्या दिवशी हात जोडले. त्यामुळे मी गायचं, थांबायचं, मग तिने गायचं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. समोरासमोरच्या वर्गात सहा जणी माझ्याबरोबर गायच्या आणि मला वाटायचं छान चाललंय. ऑनलाइनला प्रत्येकीला एकटीने गावं लागलं आणि कळलं की त्यातल्या दोघी चार वर्षं माझ्या आवाजाच्या पदराआड लपून गात होत्या. कोमल ऋषभ लावताच येत नव्हता. चूक त्यांची नाही, मला ऐकूच आलं नव्हतं. आता मी समोरच्या वर्गातही निम्मा वेळ गप्प बसते.

तेव्हा बोरूबहाद्दर, तुमच्या सरांनी 'हात दाखवा' म्हटलं ना, ते मला नीट कळलं. मीही हल्ली पूर्ण बंदिशीचं रेकॉर्डिंग मागवत नाही. मुली दहा टेक घेऊन त्यातला बरा पाठवतात. मी म्हणते, रियाजाची मधली दहा मिनिटं पाठव, खोकल्यासकट.

कान_जरा_जड | मंगळवार, सकाळी ७:०२

दोन्ही कानांना यंत्र आहे, बारा वर्षं झाली. आपल्या चर्चेत माझ्यासारखा माणूस बसतो कुठे ते सांगतो.

रेकॉर्डेड म्हणजे मला स्वर्ग. आवाज ब्लूटूथने थेट यंत्रात येतो, खाली सबटायटल असतात, नाही कळलं तर मागे जातो. कॉलेजात शेवटच्या बाकावर बसून जे तीन वर्षांत कळलं नाही ते मला पन्नाशीत कळलं.

लाइव्हमध्ये शिकवणाऱ्याचा चेहरा दिसला पाहिजे. ओठ वाचतो मी. स्लाइड मोठी आणि शिकवणारा टपाल तिकिटाएवढा झाला की माझा तास संपला. मराठीचे आपोआप उमटणारे शब्द अजून विनोदी येतात, एकदा 'वेलांटी'ला 'वेळ आणते' वाचलं आणि दहा मिनिटं वेळ कोण आणते ते शोधत बसलो.

त्यामुळे 'कॅमेरा बंद ठेवायचा हक्क' असं कुणी म्हणालं की मी मनात म्हणतो, बाबा, निदान बोलताना तरी चालू कर.

दीडपट | मंगळवार, सकाळी ९:३०

कान_जरा_जड, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. माझा कॅमेरा कायम बंद असतो, कारण चार तास स्वतःचंच थोबाड बघून शीण येतो. स्टॅनफर्डच्या एका प्राध्यापकांनी २०२१ मध्ये या 'झूम थकव्या'वर लिहिलं होतं, त्यात दिलेल्या कारणांपैकी एक हेच: सतत आरशासमोर बसल्यासारखं होतं. उपायही सोपा. स्वतःचा चौकोन लपवता येतो, समोरच्याला तुम्ही दिसत राहता. आजपासून तसं करतो.

पाड्यावरचा_गुरुजी | मंगळवार, रात्री ९:१८

सगळं वाचलं. चांगलं चाललंय. पण इथे ज्यांच्याकडे स्वतःचा फोन आहे त्यांचंच बोलणं चाललंय, म्हणून लिहितो.

मी सुरगाणा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. २०२० च्या जूनमध्ये 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' आलं तेव्हा माझ्या वर्गात ३४ मुलं आणि त्यांच्या घरांत मिळून ११ स्मार्टफोन. तेही बापाच्या खिशात, बाप नाशिक-दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला. पुस्तकावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी ॲपवर व्हिडिओ उघडतो, हे मी पालकांना दाखवायला गेलो तर रेंजसाठी आम्ही सगळे टेकाडावर जाऊन उभे. तिथेही व्हिडिओ नुसता गोल गोल फिरत राहिला. सह्याद्री वाहिनीवर त्या जुलैपासून 'टिलीमिली' लागायची, पहिली ते आठवीला, बालभारतीच्या पुस्तकांवर. कार्यक्रम गुणी होता, पण आमच्या पाड्यावर टीव्ही तीन. शेजारी पालघर जिल्ह्यात पाड्यांवर स्पीकर लावून धडे ऐकवले गेले, ते मला जास्त पटलं होतं.

मग मी काय केलं? लाइव्ह सोडलं. व्हिडिओ सोडला. रात्री आठनंतर बाप घरी आला की मुलाने पुस्तकातली पाच वाक्यं वाचायची आणि आवाज रेकॉर्ड करून मला पाठवायचा. एका फोनवर तीन घरची मुलं. रोज सात-आठ आवाज यायचे. मागे शेळ्या, भांडी, आजीचं खोकणं. मी रात्री अंथरुणात पडून ऐकायचो आणि प्रत्येकाला नाव घेऊन उलट आवाज पाठवायचो, "जोडाक्षराला अडखळलास, 'प्र' पुन्हा वाच."

खरं सांगू? वर्गात ३४ मुलं एका सुरात वाचतात तेव्हा कोण अडखळतं ते मला कळत नव्हतं. वरच्या ताईंनी गाण्याचं लिहिलंय तेच. ज्या मुलीला मी हुशार समजत होतो तिला पुस्तक पाठ होतं, वाचता येत नव्हतं. हे मला फोनवर कळलं.

पण याला 'ऑनलाइनचा फायदा' म्हणून कुणी टाळ्या वाजवू नका. उरलेल्या वीस-बावीस मुलांचा आवाज माझ्यापर्यंत आलाच नाही. शाळा पुन्हा भरली तेव्हा त्यातले काही जण अक्षरंसुद्धा विसरून आले होते. दोघं आलीच नाहीत.

मास्तर_मुकाट | मंगळवार, रात्री ११:०५

गुरुजी, वाचून गप्प झालो होतो जरा वेळ.

माझं वरचं 'गडचिरोलीतल्या पोराला फुकटात' हे वाक्य मागे घेत नाही, पण त्यात 'फोन असेल तर, रेंज असेल तर आणि इंग्रजी कळत असेल तर' एवढं घालतो. एनपीटीईएलच्या काही कोर्सेसची मराठीसह भारतीय भाषांत भाषांतरं झाली आहेत, पण माझी पहिल्या वर्षाची पोरं मुळातल्या इंग्रजीशीच झगडतात.

बॅकलॉगची_आई | बुधवार, दुपारी ३:४०

नीटवाली (मेडिकलची प्रवेश परीक्षा) आई बोलतेय. घरी बसून अभ्यास, म्हणून गेल्या वर्षी ॲपवरची बॅच घेतली. स्वस्त होती, शिकवणारे खरंच छान, मीच ऐकत बसायचे. मुलगी सकाळी दहापासून व्हिडिओ लावून बसायची. वह्या भरल्या, चार रंगांच्या पेनांनी. लाइव्ह चुकलं तर रेकॉर्डिंग आहेच, या भरवशावर चुकत गेलं. डिसेंबरात तिने एक कागद भिंतीला चिकटवला, त्यावर लिहिलेलं: बॅकलॉग १३७ लेक्चर्स. मग ते दुप्पट वेगाने, मग 'वन शॉट', म्हणजे अख्खा धडा एका बैठकीत. डीपीपी, म्हणजे रोजचे सोडवायचे प्रश्न, कोरेच.

पहिल्या पूर्ण टेस्टला बसली. १८० मिनिटांत १८० प्रश्न. बाहेर येऊन म्हणाली, "आई, सगळं ओळखीचं होतं गं, पण येत काहीच नव्हतं."

यंदा लातूरला आहे, ऑफलाइन, हॉस्टेलवर. खर्चाचं विचारू नका. तिथे शिकवतात ॲपवाल्यांपेक्षा साधंच, पण दर रविवारी टेस्ट आणि सोमवारी भिंतीवर निकाल. मला ती भिंत आवडत नाही. पोरांची तोंडं बघवत नाहीत सोमवारी. पण मार्क वाढलेत, खोटं कशाला बोलू?

मास्तर_मुकाट | बुधवार, सायंकाळी ६:१२

"ओळखीचं होतं पण येत नव्हतं." हे वाक्य माझ्या केबिनच्या दारावर लावतो, चालेल ना?

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी केलेला साधा प्रयोग आहे. मुलांना उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर लिहून काढणारे पुढे. चांगला व्हिडिओ हा पुन्हा वाचण्यासारखा असतो. जितका छान समजावलेला, तितकं आपल्याला येतंय असा भास पक्का. तुमच्या मुलीला हॉस्टेलने नाही, रविवारने वाचवलंय. तो रविवार घरीही लावता येतो, घड्याळ आणि कोरा पेपर घेऊन. फक्त लावणारं कुणीतरी लागतं.

डबल_बेल | बुधवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो. तुमचं लाइव्ह-रेकॉर्डेड वाचून हसू आलं, कारण आम्ही हे सगळं कागदावर करून बसलोय.

आमच्या नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ ला निघालं, गंगापूर धरणाकडे. 'ज्ञानगंगा घरोघरी.' मी दहावी नापास. त्यांची पूर्वतयारी परीक्षा दिली आणि मग बी.ए. केलं. पुस्तकं अशी लिहिलेली की समोर मास्तर बसलाय असं वाटावं. दर दोन पानांनी प्रश्न, लिहायला मोकळी जागा, उत्तरं घटकाच्या शेवटी. मुक्कामी गाडी असली की रात्री डेपोत वाचायचो. हे तुमचं रेकॉर्डेड. रविवारी अभ्यासकेंद्रावर तास. हे तुमचं लाइव्ह.

आता कबुली. उत्तरं मागे छापलेली म्हटल्यावर मी आधी मागचं पान बघायचो. तुमची टेलिग्रामवाली पोरं काही नवीन नाहीत, मास्तर.

पण केंद्रावर एक प्राध्यापक होते, रविवारी फुकट थांबायचे. गृहपाठ वाचून म्हणाले, "हे पुस्तकातलं आहे. तुमच्या गाडीतलं लिहा." इतिहासाच्या पेपरात गाडीतलं काय लिहू? तर म्हणाले, दुष्काळात तुमच्या रूटवर कोण चढलं, कुठे उतरलं, ते लिहा. लिहिलं. सतरा पानं झाली.

तानपुऱ्याची_तार | बुधवार, रात्री ११:१५

डबल_बेल काका, ती सतरा पानं आहेत का अजून? असतील तर वेगळा धागा काढा.

डबल_बेल | गुरुवार, सकाळी ६:३०

केंद्रात जमा केली, परत मागायची असतात हे माहीत नव्हतं. आठवून लिहितो. आठवून लिहिलेलं जास्त टिकतं असं मास्तर म्हणतातच.

बोरूबहाद्दर | गुरुवार, रात्री १०:२०

एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. दोन गोष्टींत माझं मत हललं.

एक, मास्तरांचा अकरा विरुद्ध हजारोंचा मुद्दा. मी काल मोडीच्या सरांना सहज विचारलं, तुम्हाला दिवसाला किती वेळ जातो? म्हणाले, दोन तास, पेन्शन आहे म्हणून परवडतं. म्हणजे माझे १५०० रुपये ही त्या कामाची किंमतच नाही, सरांच्या पेन्शनवर मी शिकतेय. गुरुजीही रात्री अंथरुणात पडून आवाज ऐकत होते आणि डबल_बेल काकांचे प्राध्यापक रविवारी फुकट थांबत होते. इथे ज्याचं त्याचं चांगलं झालं त्याच्यामागे कुणाचे तरी न मोजलेले तास आहेत. ४२ हजारवाल्या कंपनीने नेमके तेच तास वाचवले होते.

दुसरं, 'यस सर'. मी त्या शिकवणाऱ्यावर चिडले होते. आता वाटतं, तोही दोनशे काळ्या चौकोनांकडे बघून बोलत होता. मी कणीक मळत होते हे त्याला कसं कळणार? एकदा तरी 'नो सर' लिहायला हवं होतं मी.

पण ४२ हजारांचा राग तसाच आहे. हप्ते मार्चपर्यंत आहेत.

चहाबाज | शुक्रवार, रात्री ९:००

रुमाल उचलायला आलो. वाचून झालं, तीन चहा लागले.

आमच्या गावच्या घरी माळ्यावर पत्र्याच्या पेटीत मोडीतले कागद आहेत, पणजोबांच्या वेळचे. जमिनीचे असावेत, किंवा उधारीचे. मागे एकाला वाचायला दिले तर त्याने पानाला इतके पैसे सांगितले की कागद पुन्हा माळ्यावर गेले. तुमच्या सरांची पुढची बॅच कधी? आणि मलाही हात दाखवावा लागेल का? माझं देवनागरी अक्षरच डॉक्टरांना लाजवेल असं आहे.

बोरूबहाद्दर | शुक्रवार, रात्री ९:२५

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. बॅच दसऱ्यापासून, दोन जागा आहेत. हात दाखवावाच लागतो, तिसऱ्या आठवड्यापासून. सुरुवातीला बोरू घेऊ नका, साध्या शाईपेनाने चालतं.

आणि मोबाइल टेकवायला पोह्यांचा डबा बुटका पडतो. साखरेचा घ्या.